गिटारसाठी पेडल ट्यूनर निवडताना

गॅदरिंगला दोन महिने उरले की हॉस्टेलच्या प्रत्येक विंगमध्ये एक तरी गिटार वाजू लागते, आणि त्यातल्या निम्म्या बेसूर असतात. वाजवणाऱ्याचा हात वाईट नसतो, बोटंही बरोबर पडद्यांवर पडतात, पण मुळात तारा लागलेल्या नसतात. या वर्षी आपल्या बॅन्डच्या मंडळींनी मेसच्या रिबेटमधून वर्गणी काढली आहे. प्रत्येकाचे थोडेथोडे पैसे आहेत, त्यात एकच वस्तू येणार. "पायाने दाबायचा ट्यूनर घ्यायचाय, कुठला घेऊ?" असं मला आतापर्यंत सहा जणांनी विचारलं. मी इलेक्ट्रॉनिक्सचा, शिवाय आमच्या आगाशीला चर्चच्या गायनवृंदात चार वर्षं गिटार वाजवतोय, म्हणून हा प्रश्न माझ्याकडे येणं साहजिक आहे. सहा जणांना सहा वेळा सांगण्यापेक्षा एकदाच लिहून काढतो.

आधी एक खुलासा. पेडल ट्यूनर सगळ्यांना लागत नाही. तुमची गिटार साधी लाकडी असेल, तिला पिकअप नसेल, केबल लावायची सोयच नसेल, तर पेडल तुमच्या काही कामाचं नाही. त्याला सिग्नल तारेतून हवा, हवेतून नको. तुम्ही रूमवर बसून वाजवणार असाल तर मोबाईलमधला फुकटचा ट्यूनर पुरतो, फक्त पंखा बंद करा आणि रूममेटला दोन मिनिटं गप्प बसवा. गिटारच्या डोक्याला चिमट्यासारखा लावायचा क्लिप ट्यूनर काहीशे रुपयांत मिळतो. तो लाकडाची कंपनं घेतो, त्यामुळे आजूबाजूच्या बोलण्याचा त्याला फारसा त्रास होत नाही. पण स्टेजवर शेजारी ड्रम्स आणि बेस सुरू असले की सगळं स्टेजच हलतं, गिटारचं लाकूडही हलतं, आणि क्लिपचा काटा वेड्यासारखा नाचतो. पेडलचा उपयोग इथे सुरू होतो. ते पिकअपमधून थेट विजेचा सिग्नल घेतं, बाहेर कितीही गोंगाट असो.

दुसरं, आणि माझ्या मते जास्त महत्त्वाचं, म्हणजे ते पायाने दाबलं की आवाज बंद होतो. प्रेक्षकांना तुमचं टँव-टँव ऐकू येत नाही. निवेदिका बोलत असते, तुम्ही अंधारात मान खाली घालून तारा लावून घेता. पेडल ट्यूनरचे पैसे आपण खरं तर या सोयीसाठी मोजतो. अचूकतेचे आकडे त्यानंतर.

तरी आकड्यांशिवाय आपल्या लोकांचं समाधान होत नाही, तर तेही बघू. संगीतातल्या दोन लगतच्या सुरांमधल्या, म्हणजे पेटीवर शेजारच्या दोन पट्ट्यांमधल्या अंतराचे शंभर भाग केले की एक भाग म्हणजे एक सेंट. ही मोजणी इंग्लंडच्या अलेक्झांडर एलिस यांनी १८८५ साली मांडली. सेंट हे गुणोत्तर आहे, हर्ट्झ नव्हे. गिटारची जाड ई तार ८२.४१ हर्ट्झला लागते. तिथे एक सेंट म्हणजे ०.०४८ हर्ट्झ. बारीक ई तार ३२९.६३ हर्ट्झला, तिथे एक सेंट म्हणजे ०.१९ हर्ट्झ. खोक्यावर "अचूकता अधिक-उणे १ सेंट" लिहिलेलं असतं, दुसऱ्यावर ०.१, तिसऱ्यावर ०.०२. आणि पोरं ०.०२ वाल्याकडे धावतात.

आता हे बघा. एकामागोमाग वाजवलेल्या दोन सुरांत साधारण ५ सेंटच्या खालचा फरक बहुतेकांच्या कानाला कळत नाही. दोन्ही सूर एकदम वाजले तर मात्र लहान फरकही डोलताना ऐकू येतो. बारीक ई तारेच्या पट्टीत ५ सेंटचा फरक असेल तर सेकंदाला साधारण एक हेलकावा येतो. म्हणजे एक सेंटचा ट्यूनर आपल्याला पुष्कळ झाला. त्यापुढची अचूकता तुमचीच गिटार खाऊन टाकते. तार जोरात छेडली की पहिल्या क्षणी ती ताणामुळे काही सेंट वर जाते, मग खाली बसते. बोट पडद्यावर जरा जास्त दाबलं तरी सूर चढतो. आमच्या आगाशीसारख्या खाऱ्या हवेत, अर्नाळ्याचा समुद्र एवढा जवळ असताना, महिनाभरात तार गंजते आणि तिची जाडी सगळीकडे सारखी राहत नाही. अशा तारेला ०.०२ सेंटचा ट्यूनर लावणं म्हणजे मेसचा भात मोजायला केमिस्ट्री लॅबमधला काटा आणणं. पैसे उरले तर आधी तारांचा नवा सेट घ्या.

हा काटा आत काय करतो, हे माहीत असलं तर निवड सोपी जाते. आपल्याला वाटतं की सरळ एफएफटी घेतला की झालं. सिग्नल्सचा पेपर आठवा. टी सेकंदांचा तुकडा घेतला तर दोन फ्रिक्वेन्सींतला एक भागिले टी एवढाच फरक वेगळा दिसतो. जाड ई तारेवर एक सेंट ओळखायचा तर ०.०४८ हर्ट्झ वेगळे दिसायला हवेत, म्हणजे जवळजवळ २१ सेकंदांचा तुकडा हवा! तोपर्यंत तार वाजायची थांबते आणि प्रेक्षक शिट्ट्या मारतात. म्हणून ट्यूनर नुसत्या एफएफटीवर अवलंबून राहू शकत नाही. लहरीचा एक फेरा किती वेळात पूर्ण होतो ते मोजणं, किंवा लहर स्वतःशीच सरकवून कुठे जुळते ते बघणं, अशा युक्त्या वापरतात. जाड ई चा एक फेरा साधारण १२ मिलिसेकंदांचा. असे काही फेरे मिळाले की चांगल्या पेडलला उत्तर मिळतं.

अडचण अशी की जाड तारेत मूळ सुरापेक्षा त्याच्या दुप्पट-तिप्पट फ्रिक्वेन्सीचे उपसूर कधीकधी जास्त जोरात असतात. तिपटीचा उपसूर म्हणजे ई चा बी. स्वस्त ट्यूनर ई तारेवर मध्येच "बी" दाखवतो तो यामुळे. त्याला मदत करायची असेल तर पिक बाजूला ठेवून अंगठ्याने, बाराव्या पडद्याच्या आसपास हलकेच छेडा, मानेजवळचा पिकअप निवडा आणि टोनचं बटण खाली करा. उपसूर कमी होतात, काटा शांत होतो. आणि छेडल्याछेडल्या काटा वाचू नका, अर्धा-एक सेकंद थांबा.

जाता जाता, गिटारच्या तारेचे उपसूर निदान सरळ पटीत असतात म्हणून हे सगळं जमतं. घंटेचे तसे नसतात. १७३९ च्या वसईच्या लढाईनंतर चिमाजी अप्पांच्या फौजेने इथल्या घंटा नेल्या, त्यातली एक नाशिकच्या नारोशंकर मंदिरात आहे. तिच्यासमोर ट्यूनर धरला तर तो नक्की कुठला सूर म्हणावा या गोंधळात पडेल. यात ट्यूनरचा दोष नाही.

काट्याचा दुसरा प्रकार म्हणजे स्ट्रोब. मशीन्सच्या लॅबमध्ये आपण मोटरच्या शाफ्टवर काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांची चकती लावून, तिच्यावर लुकलुकणारा दिवा सोडून स्लिप मोजतो ना, नेमकं तेच. फ्रिक्वेन्सी जुळली की चकती स्थिर दिसते, जास्त-कमी असली की एका बाजूला सरकते. अमेरिकेच्या कॉन कंपनीने १९३६ साली 'स्ट्रोबोकॉन' नावाचं असं यंत्र काढलं, ते कपाटाएवढं नसलं तरी खांद्यावर टाकून नेण्यासारखंही नव्हतं. हातात मावणारा काट्याचा ट्यूनर कोर्गने १९७५ साली आणला, बॉसचं टीयू-२ हे पेडल १९९८ साली आलं, आणि २०१० साली त्याचं टीयू-३. त्याच २०१० साली डेन्मार्कच्या टीसी इलेक्ट्रॉनिकने पॉलीट्यून काढला. त्यात सहाही तारा एकदम छेडायच्या आणि कुठली उतरली ते एका नजरेत कळतं. दोन गाण्यांच्या मध्ये हे फार कामाचं आहे. आजकालच्या पेडलांत स्ट्रोबची चकती फिरत नाही, दिव्यांची रांग सरकते, पण कल्पना तीच. मला वैयक्तिक विचाराल तर स्ट्रोब बसून लावायला छान, स्टेजवर साधा काटा बरा. सरकणारे दिवे बघत बसलं की माणूस परिपूर्णतेच्या मागे लागतो आणि गाणं सुरू झालेलं असतं.

आता माझ्या मते सर्वात महत्त्वाचा मुद्दा, जो दुकानात कोणीच सांगत नाही. या वर्षी आपला एक आयटेम पेटी आणि गिटारचा मिळून आहे. म्हणजे अभंग, मागे तबला, आणि गिटारवर कॉर्ड्स. यात ट्यूनर शंभर टक्के बरोबर असूनही सगळं बेसूर होऊ शकतं.

कारण ट्यूनरचं शून्य कुठे, हे माणसांनी ठरवलेलं आहे. ए म्हणजे ४४० हर्ट्झ हा करार १९३९ च्या लंडनच्या परिषदेत झाला, १९५५ साली आंतरराष्ट्रीय मानक संस्थेने तो स्वीकारला आणि १९७५ साली पक्का केला. पेटीला हा करार माहीत असेलच असं नाही. पेटीचे सूर पितळी पट्ट्यांचे, ते कानशीने घासून लावलेले असतात, आणि वापरून, धूळ बसून, दमट हवेने सरकतात. आमच्या आळीतल्या भजनी मंडळाची पेटी मी एकदा माईक लावून पेडलवर मोजली. पांढरी सहा म्हणजे ए. काटा १२ सेंट वर. हिशोब केला तर तिचा ए ४४३ हर्ट्झच्या आसपास निघतो. गिटार ४४० ला आणि पेटी ४४३ ला, दोघं एकत्र वाजले की ए च्या सुरावर सेकंदाला तीन हेलकावे. ऐकणाऱ्याला कारण कळत नाही, पण कानाला टोचत राहतं. आणि दोष नेहमी गिटारवाल्याच्या माथी, कारण पेटीवाले काका वयाने मोठे!

पेटी ऐनवेळी बदलता येत नाही, गिटार येते. त्यामुळे असा ट्यूनर घ्या ज्यात ४४० चा आधार बदलता येतो. टीयू-३ मध्ये तो ४३६ ते ४४५ पर्यंत एकेक हर्ट्झने बदलतो, आणि पेडलांत साधारण एवढीच मर्यादा आढळते. सेंटमध्ये सांगायचं तर खाली १६ आणि वर २० सेंट. बहुतेक बऱ्या स्थितीतल्या पेट्या यात बसतात. एखादी बसली नाही तर काटा विसरून कानाने पेटीला मिळवायचं, दुसरा उपाय नाही. मोजताना एकाच पट्टीवर विश्वास ठेवू नका. जो षड्ज धरून गाणार आहात तो, त्याचा पंचम आणि वरचा षड्ज असे तीन सूर बघा, कारण पेटीच्या पट्ट्या आपसातही चार-पाच सेंट इकडेतिकडे असतात. बहुमत जिकडे, तिकडे आधार ठेवा. स्वस्त मिनी पेडलांपैकी काहींत ही सोयच नाही, काहींत आहे पण वीज गेली की ते परत ४४० वर येतं. आपल्याकडे वीज कधी जाते हे सांगायला नको. हे दुकानातच तपासा.

याच संदर्भात ट्यूनर क्रोमॅटिक असायलाच हवा, म्हणजे बाराही सूर ओळखणारा. फक्त ई-ए-डी-जी-बी-ई ओळखणारा नको. गाणारा येऊन म्हणतो, "काळी दोनमध्ये धर." पेटीच्या भाषेत पांढरी एक म्हणजे सी, काळी एक सी शार्प, पांढरी दोन डी, काळी दोन डी शार्प, पांढरी तीन ई, पांढरी चार एफ, काळी तीन एफ शार्प, आणि असंच पुढे. काळी दोनसाठी सोपा मार्ग म्हणजे सगळ्या तारा अर्धा सूर उतरवायच्या आणि ई चे नेहमीचे कॉर्ड धरायचे. काही पेडलांत "फ्लॅट" अशी सोय असते, ती सुरू केली की उतरवलेल्या तारेलाच काटा ई म्हणतो आणि डोक्यात गणित करावं लागत नाही. आमच्याकडे एकाच आठवड्यात रविवारी चर्चमध्ये कीबोर्डबरोबर आणि गुरुवारी भजनात पेटीबरोबर वाजवायची वेळ येते. हा आधार बदलणं आणि सूर उतरवणं मला हाताच्या सवयीने करावं लागतं, म्हणून यावर एवढं लिहितोय.

यावर आमच्या पेटीवाल्या काकांचा एक आक्षेप आहे. ते म्हणतात, "तुझ्या यंत्राचा गंधार चढा आहे रे." आणि ते बरोबर म्हणतात! तानपुऱ्याच्या तारेतून आपोआप ऐकू येणारा गंधार षड्जाच्या ५/४ पट असतो, म्हणजे ३८६ सेंट. गिटारचे पडदे सप्तकाचे बारा सारखे भाग करून बसवलेले, तिथे गंधार ४०० सेंटवर. जवळजवळ १४ सेंटचा फरक. हा वाद आपल्याकडे शंभराहून अधिक वर्षं जुना आहे. सांगलीचे निवृत्त डेप्युटी कलेक्टर कृष्णाजी बल्लाळ देवल यांनी तारेची लांबी मोजून आपल्या सुरांची गुणोत्तरं काढली आणि बावीस श्रुतींवर इंग्रजीत पुस्तक लिहिलं, ते १९१० साली निघालं. त्यांच्या प्रयोगांसाठी अब्दुल करीम खाँसाहेब गायले होते. अर्नेस्ट क्लेमेंट्स या इंग्रज न्यायाधीशाने पुढे त्यांच्याबरोबर श्रुतींची पेटीही करवून घेतली. ट्यूनरच्या शून्यावर आंधळा विश्वास ठेवणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं.

आपल्या फिजिक्स लॅबमध्ये याचा पुरावा पडून आहे. ट्यूनिंग फोर्कच्या लाकडी पेटीत २५६, २८८, ३२०, ३८४, ५१२ असे आकडे कोरलेले असतात. ३२० भागिले २५६ बरोबर ५/४, काकांचा शुद्ध गंधार. ३८४ भागिले २५६ बरोबर ३/२, पंचम. पण २५६ चा फोर्क माईकने ट्यूनरला ऐकवलात तर काटा सी च्या ३८ सेंट खाली दाखवेल, कारण ए ४४० धरला तर सी २६१.६३ ला येतो. आणि ३२० चा फोर्क ई च्या ५१ सेंट खाली, म्हणजे ई आणि डी शार्प यांच्या बरोबर मध्ये. ट्यूनर या दोन नावांमध्ये झोके घेताना बघायला मजा येते. तेव्हा लॅबमधला फोर्क घेऊन ट्यूनर "चुकीचा" ठरवायला जाऊ नका. मात्र आकडा माहीत असलेला सूर म्हणून तो तपासणीला उत्तम आहे. ३८ च्या ऐवजी ३० दाखवला तर पेडलमध्ये गडबड आहे. (लॅब असिस्टंटना विचारून न्या. फोर्क टेबलाच्या कडेवर आपटू नका, रबरावर मारा.)

मग गिटार काकांच्या गंधाराला लावायची का? नाही. पडदे ठोकलेले आहेत. ई कॉर्ड गोड लागावी म्हणून जी तार कानाने उतरवलीत तर तीच तार सी कॉर्डमध्ये रडेल. त्याच कारणाने हार्मोनिक्सने गिटार लावायची जुनी पद्धतही थोडी फसवी आहे. ई तारेचा पाचव्या पडद्यावरचा उपसूर ३२९.६३, ए तारेचा सातव्यावरचा ३३०. दोघांचा हेलकावा पूर्ण थांबवलात तर ए तार २ सेंट खाली जाते, मग डी ४, मग जी ६. घाईत ही पद्धत चालते, पण गिटारसाठी प्रत्येक तार काट्यावर स्वतंत्रपणे लावणं चांगलं.

आता वायरिंग. पेडल तुमच्या सिग्नलच्या वाटेत बसणार, त्यामुळे ते बंद असतानाही आवाजावर परिणाम करतं. दुकानदार "ट्रू बायपास आहे" असं मोठ्या अभिमानाने सांगतो, जणू ते आयएसआयचं चिन्ह आहे. ट्रू बायपास म्हणजे पेडल बंद असताना आत नुसती तार. चांगलंच आहे, पण हिशोब करून बघा. हंबकर पिकअपची इंडक्टन्स ४ हेन्री धरू. केबलची कपॅसिटन्स मीटरला १०० पिकोफॅरड. ६ मीटरची केबल म्हणजे ६००, गिटारच्या आतलं १०० धरून ७००. रेझोनन्स ३ किलोहर्ट्झला येतो. ट्रू बायपास पेडलच्या पुढे अँपपर्यंत आणखी ६ मीटरची केबल टाकलीत की एकूण १३०० पिकोफॅरड आणि रेझोनन्स २.२ किलोहर्ट्झवर. आवाज बोथट झाला, वरची चमक गेली. "अँप खराब आहे" असं मग सगळे म्हणतात. पेडलमध्ये बफर असेल तर गिटारला फक्त पहिलीच केबल दिसते आणि पुढच्या लांबीने फारसं बिघडत नाही. टीयू-३ बफरवालं आहे, कोर्गचं पिचब्लॅक ट्रू बायपास, तर पॉलीट्यून ३ मध्ये दोन्ही आहे, आतून निवडता येतं. आपल्या हॉलमध्ये स्टेजपासून अँपपर्यंत लांब केबल टाकावी लागते, तेव्हा मी बफरच्या बाजूने मत देतो. छोट्या खोलीत, तीन मीटरच्या केबल्सवर, फरक शोधूनही सापडणार नाही.

बफरचा एक तोटा सांगायलाच हवा. बॅटरी संपली की बफरवालं पेडल आवाजच पुढे जाऊ देत नाही. साध्या यांत्रिक स्विचचं ट्रू बायपास असेल तर काटा विझतो पण गिटार वाजत राहते.

म्हणजे वीज हा मुद्दा आला. पेडल ९ व्होल्टवर चालतं. समजा दिव्यांसकट ३० मिलिअँपिअर घेतं आणि चांगल्या अल्कलाईन बॅटरीत ५०० मिलिअँपिअर-तास आहेत, तर जास्तीत जास्त सोळा-सतरा तास. दिव्यांचा उजेड वाढवलात तर आणखी कमी. पुष्कळांना माहीत नसतं की बॅटरीवर चालणाऱ्या पेडलांना बहुधा वेगळं चालू-बंदचं बटण नसतं, इनपुटला पिन घातली की ते चालू. रात्रभर केबल लावून ठेवली की सकाळी बॅटरी मेलेली. मिनी पेडलांत तर बॅटरीला जागाच नसते.

अडॅप्टर घेताना डोळ्यांत तेल घालून बघा. गिटारच्या बहुतेक पेडलांना मध्यभागी ऋण आणि बाहेर धन लागतं. आपल्या रूमवरच्या राउटरचा अडॅप्टर बरोबर उलटा, मध्यभागी धन, आणि पुष्कळदा १२ व्होल्टचा. पिन मात्र तशीच बसते, हीच तर गंमत आहे! आत संरक्षक डायोड असेल तर नशीब. मल्टिमीटर लावल्याशिवाय कुठलाही उसना अडॅप्टर पेडलला लावायचा नाही. रस्त्यावर मिळणारे ट्रान्सफॉर्मरचे अडॅप्टर लोड नसताना १२-१३ व्होल्ट दाखवतात आणि स्पीकरमध्ये घूंऽऽ आवाज आणतात, ते टाळा.

दिव्यांबद्दल थोडंसं. आमच्याकडे लग्नाचा मांडव असो की चर्चच्या अंगणातला कार्यक्रम, दुपारच्या उन्हात वाजवावं लागतं. दुकानाच्या ट्यूबलाईटमध्ये झगमगणारा काटा उन्हात दिसेनासा होतो. पेडल हातात घ्या, दुकानाच्या दारात जा, उन्हात धरा, आणि उभ्याने खाली बघून वाचता येतंय का ते पाहा. गुडघ्यावर बसून नव्हे, स्टेजवर तुम्ही उभे असणार.

दुकानात जाताना स्वतःची गिटार आणि केबल न्या. विरारहून लोकलने मरीन लाईन्सला उतरलं की धोबी तलावला वाद्यांची दुकानं आहेत, गर्दीच्या वेळी गिटार घेऊन विरार लोकलमध्ये चढायचं धाडस मात्र करू नका. अकराच्या पुढची गाडी घ्या. पेडल जोडल्यावर आधी जाड ई छेडा आणि काटा किती वेळात बसतो ते बघा. मग ट्यूनर चालू ठेवून अँपचा आवाज वाढवा आणि तार छेडा. बारीक जरी आवाज गळत असेल तर नको. पाय ठेवून दहा वेळा बंद-चालू करा, प्रत्येक वेळी "ठप्" असा मोठा आवाज येत असेल तरी नको. शेवटी आधार ४४३ वर ठेवा, वीज काढा, परत लावा, आणि आकडा तोच राहिलाय का बघा. जुनं पेडल घेत असाल तर बॅटरीचं झाकण उघडून बघायला विसरू नका. आत हिरवट-पांढरी बुरशी दिसली की समजावं, बॅटरी आत फुटून गेलेली आहे. जॅकची पिन हळूच हलवून आवाज तुटतो का तेही तपासा, खाऱ्या हवेत राहिलेल्या पेडलांचे जॅक आधी जातात.

आणलेलं पेडल साखळीत सगळ्यात पुढे, गिटारच्या लगेच नंतर लावा. डिस्टॉर्शन किंवा कोरसच्या मागे लावलंत तर त्यांनी घातलेले जादा उपसूर आणि हेलकावे ट्यूनरच्या वाट्याला येतात. फक्त जुन्या धाटणीचं फझ पेडल असेल तर ते बफरच्या आधी, कारण त्याला गिटार थेट हवी असते.

तर वर्गणीचं काय करावं? नवं नामवंत पेडल आज काही हजारांना पडतं आणि मिनी पेडल त्याहून बऱ्याच कमी किमतीला. माझं मत असं की क्रोमॅटिक, आधार बदलता येणारा आणि तो लक्षात ठेवणारा, उन्हात दिसणारा, आवाज पूर्ण बंद करणारा आणि बफर असलेला ट्यूनर घ्यावा, मग अचूकता एकच सेंट असली तरी चालेल. एवढं सगळं वापरलेल्या पेडलात मिळत असेल तर वापरलेलंच घ्यावं, आणि उरलेल्या पैशांत योग्य अडॅप्टर आणि तारांचे दोन सेट. सहा तारा एकदम दाखवणारं पेडल मिळालं तर आनंद आहे, पण त्यासाठी पेटीचा आधार सोडू नका. बॅन्डच्या बैठकीत दोघांना हे पटलेलं नाही, त्यांना स्ट्रोब हवा आहे. येत्या रविवारी ते आगाशीला येणार आहेत, मंडळाची पेटी आणि दोन्ही प्रकारची उसनी पेडलं समोर ठेवून अभंग वाजवून बघायचं ठरलं आहे. ज्यांना यायचं असेल त्यांनी विरारहून अर्नाळ्याची बस पकडावी, ती आगाशीवरूनच जाते. गिटार, केबल आणि एक ९ व्होल्टची बॅटरी ज्याने त्याने आणायची आहे.